प्राचीन ज्वालामुखी खडकांचे रासायनिक वर्गीकरण

ज्वालामुखी खडक, प्राचीन : रासायनिक वर्गीकरण. ज्वालामुखीतून बाहेर पडलेला लाव्हा जलद थिजतो. त्यामुळे त्यापासून बनलेल्या खडकातील स्फटिक अतिसूक्ष्म राहतात व पुष्कळदा काही भाग काचेच्या रूपातच उरतो. ग्रॅनाइटासारख्या भरडकणी खडकाला त्यातील खनिजांची प्रमाणे मोजून नाव देता येते, तसे येथे सहसा करता येत नाही. म्हणून रासायनिक संघटनाचा आधार घ्यावा लागतो. मात्र खडक प्राचीन असेल, तर त्याच्या संघटनात मूळ लाव्ह्याचा वाटा किती व नंतर खडकातून वाहिलेल्या पाण्याचा वाटा किती, हा प्रश्न उद्‌भवतो. या वर्गीकरणाचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाचाच इतिहास होय.

रोबेर्ट बन्सन यांनी १८४६ मध्ये आइसलँडचा दौरा केला व तेथील खडकांच्या विश्लेषणांवरून १८५१ मध्ये असे मत मांडले की, सिलिका विपुल असलेला एक व सिलिका कमी असलेला दुसरा, अशा दोन शिलारसांच्या मिश्रणाने मधले सर्व प्रकार बनतात. हे मत टिकले नाही. पण सिलिकेचे प्रमाण हा वर्गीकरणाचा कणा ठरला. सिलिका हे एक अम्ल आहे अशा तत्कालीन कल्पनेतून आलेली ‘अम्लीय’ व ‘क्षारकीय’ ही नावे कल्पना चुकीची ठरल्यावरही प्रचारात राहिली.

त्या काळी, विशेषतः जर्मन परंपरेत, खडकाचे वय हाही नामकरणाचा निकष होता. तृतीय कल्पातील व त्यानंतरच्या खडकाला बेसाल्ट म्हणत, तर तशाच संघटनाच्या जुन्या खडकाला मेलाफायर किंवा डायाबेस म्हणत. सॅम्युएल ऑलपोर्ट यांनी ब्रिटनमधील कार्बॉनिफेरस कालीन डोलेराइटांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १८७४ मध्ये दाखविले की, जुन्या व नव्या खडकांत मूलतः भेद नाही. जो दिसतो तो नंतर झालेल्या बदलांचा आहे. वयाचा निकष अशा रीतीने मागे पडला, पण त्याने झाकून ठेवलेली अडचण उघडी पडली.

व्हिटमन क्रॉस, जोसेफ इडिंग्ज, लुई पिर्सन व हेन्री वॉशिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये केवळ विश्लेषणावर आधारलेली पद्धती मांडली. विश्लेषणातील ऑक्साइडे ठराविक क्रमाने एकत्र करून काल्पनिक खनिजांची प्रमाणे काढावयाची, असे तिचे स्वरूप असून या प्रमाणांना ‘नॉर्म’ म्हणतात. तिच्यासाठी घडविलेली विचित्र वर्गनामे लवकरच विस्मृतीत गेली. नॉर्म मात्र आजही काढतात. प्राचीन खडकाच्या बाबतीत तो फसवा ठरू शकतो. खडकातील लोहाचे ऑक्सिडीभवन झालेले असल्यास नॉर्ममध्ये मॅग्नेटाइट वाढते, सिलिकेटांसाठी लोह कमी उरते व त्यामुळे मुळात नसलेले क्वॉर्ट्‌झ दिसू लागते. सोडियम, पोटॅशियम वा कॅल्शियम धुऊन गेले असल्यास उरलेल्या ॲल्युमिनाचे कुरुविंद दिसते.

स्पिलाइट या खडकावरून झालेला वाद याच स्वरूपाचा आहे. हा बेसाल्टासारखाच, पण सोडियम अधिक असलेला खडक होय. त्याच्यात कॅल्शियमयुक्त फेल्स्पाराच्या जागी अल्बाइट असते व क्लोराइट विपुल असते. हेन्री ड्यूई व जॉन फ्लेट यांनी १९११ मध्ये स्पिलाइटे व त्यांच्याशी निगडित खडक यांचा एक स्वतंत्र समूह मानला. पुढे मूळच्या बेसाल्टात बदल होऊन स्पिलाइट बनते, हे मत बळावत गेले. जे. आर. कॅन यांनी १९६९ मध्ये हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग कटकावरील स्पिलाइटांचे वर्णन केले. तप्त बेसाल्टातून समुद्राचे पाणी फिरल्याने असे बदल होतात, हे आता सामान्यपणे मान्य आहे. म्हणजे ज्या सोडियमावरून नाव दिले, ते पुष्कळसे समुद्राचे होते.

यातून मार्ग निघाला तो न हलणाऱ्या मूलद्रव्यांकडे वळल्याने. टिटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियम व निओबियम ही पाण्यात सहजी विरघळत नाहीत. क्ष-किरण अनुस्फुरण पद्धतीमुळे त्यांची दशलक्षांश प्रमाणे जलद मोजता येऊ लागली. जे. ए. पिअर्स व कॅन यांनी १९७१ व १९७३ मध्ये त्यांच्या साहाय्याने बेसाल्ट कोणत्या भूवैज्ञानिक परिस्थितीत निर्माण झाला, हे ओळखण्याच्या आकृत्या मांडल्या. जे. ए. विंचेस्टर व पी. ए. फ्लॉइड यांनी १९७७ मध्ये झिर्कोनियम व टिटॅनियम ऑक्साइड आणि निओबियम व इट्रियम यांची गुणोत्तरे घेऊन खडकांची नावे ठरविण्याची आकृती दिली. गुणोत्तर घेण्यात मर्म आहे. खडकातून इतर द्रव्ये निघून गेली, तर उरलेल्या दोन्ही अचल मूलद्रव्यांची प्रमाणे सारख्याच पटीने वाढतात व गुणोत्तर कायम राहते. अर्थात फ्ल्युओराइडे वा कार्बोनेटे विपुल असलेल्या उष्ण विद्रावांत ही मूलद्रव्येही हलू शकतात. त्यांचे अचलत्व सापेक्षच मानले पाहिजे.

सिलिका व एकूण अल्कली यांवर आधारलेली, १९८६ मध्ये मांडलेली आकृती ताज्या खडकांसाठी प्रमाण मानली जाते. तिच्यात बेसाल्टासाठी सिलिकेची मर्यादा ४५ ते ५२ टक्के आहे. स्पिलाइटासारख्या बदललेल्या खडकाला ती लावणे योग्य नव्हे.

महाराष्ट्रातील सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिण ट्रॅपचे बहुतेक थर या आकृतीत बेसाल्टाच्या एकाच चौकटीत पडतात व डोळ्यांनाही सारखेच दिसतात. त्यांतील पोकळ्यांत झिओलाइटे भरलेली आहेत, म्हणजे पाणी येथेही फिरलेले आहे. १९८० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील घाटांतून क्रमाने नमुने घेऊन टिटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम, बेरियम व स्ट्राँशियम यांची प्रमाणे आणि स्ट्राँशियमाची समस्थानिके यांवरून या थरांचे जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर इ. शैलसमूह पाडण्यात आले. बुशे समूहाच्या लाव्ह्यात भूकवचातील द्रव्य बरेच मिसळलेले आहे, तर आंबेनळी समूहाच्या लाव्ह्यात ते अत्यल्प आहे.