इन्स्पेक्टर कुठल्या दारापर्यंत येतो?

18 डिसेंबर 2017. अंधेरी पूर्वेला साकीनाका, खैरानी रोड. पहाटे फरसाण बनवणाऱ्या गाळ्याला आग लागली आणि 12 कामगार गेले. मग नेहमीचा प्रश्न: तपासणी कोण करतं? त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही: तपासणी कुणाची होते? हे ठरतं एका आकड्यावर.

1875 साली गिरण्यांची पाहणी करायला मुंबईत पहिलं फॅक्टरी कमिशन बसलं. सोराबजी शापूरजी बंगाली कायद्यासाठी झटले. 1881 ला कायदा आला, पण किमान 100 कामगार असतील तरच लागू. 1884 ला नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. रविवारची सुट्टी हवी, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार हवा.

आकडा हळूहळू उतरला. 1891 ला 50, 1922 ला 20, 1948 ला विजेवरच्या कारखान्यांसाठी 10. त्या कायद्याच्या कलम 9 नुसार इन्स्पेक्टर आत शिरू शकत होता, यंत्रं आणि रजिस्टर तपासू शकत होता, अपघाताची चौकशी करू शकत होता. पण कारखाना कायद्याच्या व्याख्येत बसला तरच!

2020 च्या नव्या संहितेत विजेवरच्या कारखान्यासाठी आकडा पुन्हा 20. म्हणजे 12 माणसांचा गाळा 1948 च्या मोजणीत बसतो, नव्या मोजणीत नाही.

67 वर्षं उतरत आलेला आकडा वर चढला. साकीनाक्यातल्या छोट्या गाळ्यांत किती माणसं काम करतात, एकदा डोकावून बघा. आग मोजून लागत नाही.