तेरा दात

परवा भाचा आला होता. नवीन स्पोर्ट्स बाईक घेतली आहे त्याने, सहा गिअरची. चपला काढता काढताच म्हणाला, "मामा, पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी करून घेतोय. पिकअप जबरदस्त वाढतो." बाबा खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मी नुसतं 'हं' म्हटलं. पुढचा अर्धा तास तो उत्साहाने सांगत होता आणि मी मात्र १९९५ सालच्या आमच्या अंगणात उकिडवा बसलो होतो, हाताला ग्रीस लागलेला.

तर आज या दातांबद्दल लिहितो. पण त्यासाठी आधी जरा मागे जावं लागेल. माझ्या कॉलेजच्याही बरंच मागे.

जुन्या चित्रांत ती सायकल पाहिली असेल तुम्ही, पुढचं चाक पुरुषभर उंच आणि मागचं एवढंसं. पायडल थेट पुढच्या चाकाला. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वेग हवा तर चाक मोठं करा. आणि चाक किती मोठं करणार, तर चालवणाऱ्याची तंगडी पोचेल एवढंच! म्हणजे माणसाचा वेग त्याच्या पायाच्या लांबीवर ठरायचा. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने आज आपण वापरतो त्या धर्तीची रोलर चेन काढली आणि १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मध्ये पायडल, मागच्या चाकाला चेन. आता चाक मोठं करायची गरज उरली नाही, पुढे-मागे दात किती ते ठरवलं की झालं. गंमत म्हणजे इंग्रज सायकलवाले अजूनही गिअर इंचांत मोजतात. साठ इंची गिअर म्हणजे साठ इंची चाक असतं तर जेवढं अंतर पडलं असतं तेवढं. ते उंच चाक गेलं, पण हिशेबात राहिलं.

मोटरसायकली सुरुवातीला बऱ्याचशा पट्ट्यावर चालायच्या, पावसात घसरायच्या, आणि गिअर एकच. १९११ साली आयल ऑफ मॅनची शर्यत पहिल्यांदा स्नेफेल डोंगरावरून गेली. त्या वर्षी सीनियर शर्यतीत पहिले तिन्ही नंबर 'इंडियन' या अमेरिकन गाड्यांनी नेले. चेन होती आणि दोन गिअर होते. चढ समोर आल्यावरच लोकांना कळतं की नुसतं इंजिन मोठं असून भागत नाही.

असो. आमच्याकडचा चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि गाडी बाबांची आरएक्स १००.

ही गाडी एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ मध्ये भारतात आणली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या जरासं वर. आज हे आकडे वाचून भाच्यासारखी पोरं हसतात. पण टू-स्ट्रोक इंजिन, अंगात चरबी नाही, आणि थ्रॉटल पिळला की जो आवाज यायचा... ज्यांनी चालवली त्यांना सांगायला नको. बाबांनी ती १९८९ मध्ये घेतली होती, ऑफिसला जायला. संध्याकाळी ती माझ्या ताब्यात यायची.

कॉलेजात एका मित्राकडेही आरएक्सच होती. वर्धा रोडवर, विमानतळ मागे टाकल्यावर, आमचं चालायचं. तेव्हा रस्ता बऱ्यापैकी मोकळा असायचा. (आईवडील वाचत असतील तर माफी असावी. हेल्मेट नव्हतं.) तो वजनाने माझ्यापेक्षा कमी, त्यामुळे सुटतानाच पुढे. मग कुणीतरी सांगितलं, पुढचं चौदाचं काढ, तेराचं टाक. मिस्त्रीने अर्ध्या तासात काम केलं. जुनं स्प्रॉकेट त्याच्या डालड्याच्या डब्यात गेलं.

हिशेब सोपा आहे. पुढचा दात एक कमी झाला की मागच्या चाकावर ओढ जवळपास पावणेआठ टक्के वाढते. मागच्या चक्राला तीनेक दात वाढवले असते तरी तेच झालं असतं, पण पुढचं स्वस्त पडतं. टू-स्ट्रोकची ताकद वरच्या फेऱ्यांत असते, तिथे इंजिन लवकर पोचतं. पहिल्या, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अंगावर यायची! मात्र ज्या फेऱ्यांवर आधी १०० चा वेग पडायचा त्याच फेऱ्यांवर आता ९३. वर्धा रोडवर मी सुटलो तो तिसऱ्या गिअरपर्यंत पुढेच. मग चौथा टाकला, इंजिन ओरडायला लागलं, पण देण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. मित्र हळूहळू, अगदी आरामात, बाजूने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात चेन ताणत बसलो होतो तेव्हा आजोबा येऊन उभे राहिले. ते गिरणीत रिंग खात्यात होते, आयुष्यभर. कव्हर उघडंच होतं. त्यांनी वाकून पुढच्या स्प्रॉकेटचे दात बोटाने मोजले. एकदा, मग पुन्हा एकदा.

"चाक बदललं का बे?"

मला वाटलं होतं त्यांना समजवावं लागेल. उलट त्यांनीच मला समजावलं. सूत काढायच्या साच्यावरही असंच एक बदलायचं चाक असतं. ते लहान टाकलं की सूत सोडणारे रूळ हळू फिरतात आणि चात्या आपल्या वेगाने फिरत राहतात. म्हणजे इंचाला पीळ जास्त, सूत बळकट, पण दिवसाचा माल कमी. मोठं टाकलं की उलटं. माल भराभर निघतो, पण पीळ कमी, सूत कच्चं.

"आन् कच्चं सूत आमच्याइथं नाही तुटत," आजोबा म्हणाले. "मागावर तुटते. माल आमचा वाढते, मजुरी मागवाल्याची जाते."

नागपूरला या रिंगचं नवल नव्हतं. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८३ च्या सुमारास, लँकेशायर अजून जुन्या म्यूलला धरून बसलेलं असताना, रिंगची यंत्रं आणून इथे चालवून पाहिली. पुढे देशभर तीच पसरली. म्हणजे दात मोजून पीळ आणि माल यांचा हिशेब करणारी माणसं या गावात तीन-चार पिढ्या होती. त्यांची नातवंडं गॅरेजमध्ये तोच हिशेब करत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मला तरी नव्हता. एम्प्रेस २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे.

जाताना आजोबांनी विचारलं, "बापाले सांगतलं का?"

"सांगतो," मी म्हटलं.

नाही सांगितलं. बाबा रोज बुटीबोरीला जायचे, तीसएक किलोमीटर, सरळ हायवे. त्या माणसाला पिकअपशी काय देणंघेणं? त्यांना साठच्या वेगाने शांतपणे जायचं असायचं, आणि साठला आता इंजिन गुणगुणण्याऐवजी किरकिरत होतं. ॲव्हरेज उतरलं. आरएक्सचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो, त्यामुळे मीटरवर काहीच वेगळं दिसायचं नाही. बाबा आईला म्हणायचे, "इंजिन थकलं आता." ते पन्नासवर चालवायला लागले आणि घरून पाच-दहा मिनिटं आधी निघायला लागले. मी हे रोज बघत होतो. जुनं स्प्रॉकेट मिस्त्रीच्या डब्यातून कधीच नाहीसं झालं होतं हे खरं, पण नवीन काही हिऱ्यामोत्याचं नव्हतं. खरं कारण असं की मला तो पिकअप आवडायचा.

१९९७ मध्ये बाबांनी गाडी विकली. 'थकलेलं इंजिन' म्हणून मागेल त्या भावात दिली. त्याच्या आदल्याच वर्षी आरएक्स १०० बनणं बंद झालं होतं. आज तशी गाडी लाखाच्या वर जाते, पण तो मुद्दा नाही. आजोबांनी गाडी जाताना पाहिली. मला काही बोलले नाहीत, आणि दोन वर्षांनी ते गेले.

तर परवा भाचा सांगत होता आणि मी त्याला म्हटलं, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदल, लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते. आणि तुमच्या बऱ्याच गाड्यांचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो, मीटर जास्त वेग दाखवेल. त्याने मान डोलावली. बुलेटवाले उलटं करतात, पुढे दात वाढवतात, हायवेला इंजिन शांत राहावं म्हणून, तेही सांगितलं.

"म्हणजे दात कमी केले तर इंजिन ओरडतं?" पेपरामागून बाबांनी विचारलं. ते ऐंशीच्या पुढे आहेत, पण कान शाबूत.

मी सांगून टाकलं. आरएक्सचं, तेरा दातांचं, सगळं. भाचा हसायला लागला, मग थांबला.

बाबांनी पेपर खाली घेतला. थोडा वेळ खिडकीकडे बघत होते.

"म्हणजे इंजिन ठीक होतं तर," म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर केला.