आज्ञापालन आणि विवेक : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

आज्ञापालनास विवेकाची जोड नसेल तर तें निव्वळ चाकरी ठरतें. विवेकास आज्ञापालनाचा लगाम नसेल तर तो हेकटपणा होतो. या दोहोंचा मेळ आमच्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रांत आम्हांस दिसतो.

सोळाव्या शतकांत वसईंत जन्मलेले गोन्सालो येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत जपानांत गेले व तेथील भाषा शिकून धर्मशिक्षकाचें काम करूं लागले. त्या संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची तळमळ होती. परंतु विनंती मान्य झाली नाहीं. पुढें त्यांनीं व्यापार केला व तो भरभराटीस आला. तथापि द्रव्यलाभ हाच देवाचा कौल, असें त्यांनीं मानिलें नाहीं. एका दारीं नकार मिळाला म्हणून पाचारणच खोटें, असेंही ते समजले नाहींत. मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधू झाले.

१५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत गेले. पूर्वीं शिकलेली भाषा आतां कामास आली. हिदेयोशीच्या हुकुमानें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांनीं क्रुसावर प्राण दिला. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

आपणांपैकींही कोणास एखादें दार बंद झालेलें दिसेल. तेव्हां न रुसतां प्रार्थना करावी, सुज्ञांचा सल्ला घ्यावा व जी वाट उघडेल तिनें निष्ठेनें चालावें, हाच या महोत्सवीं आमच्या संताचा आम्हांस बोध आहे.