पाणी विषारी आहे का? डॅफ्नियाला विचारा!

आरओवाला घरी येतो, टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो, आकडा कमी आला की आपण निश्चिंत. पण हे मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून विरघळलेल्या क्षारांचा फक्त अंदाज देतं. कीटकनाशकाचा अंश त्याला कळत नाही. लॅबमधली यंत्रं तो पकडतात, पण बहुतेक वेळा काय शोधायचं ते आधी ठरवावं लागतं. शिवाय चार रसायनं एकत्र आल्यावर जिवावर काय परिणाम होईल, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून सजीवांवरच चाचणी घेतात. तिला बायोअसे किंवा जैवचाचणी म्हणतात.

डॅफ्नियाच का?

डॅफ्निया हा गोड्या पाण्यातला काही मिलिमीटरचा जीव. उड्या मारत पोहतो म्हणून त्याला पाण्यातली पिसू म्हणतात, पण नातं कोळंबी-खेकड्यांशी. शरीर पारदर्शक, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली धडधडणारं हृदयही दिसतं. मादी नराशिवाय पिल्लं देते. ती जनुकीयदृष्ट्या सारखीच असतात, म्हणून निकालांची तुलना सोपी जाते.

चाचणी कशी होते?

ओईसीडीची २०२ क्रमांकाची पद्धत जगभर वापरतात:

१. २४ तासांपेक्षा लहान पिल्लं घेतात.
२. नमुन्याचे कमी-जास्त तीव्रतेचे किमान पाच टप्पे करतात. प्रत्येक टप्प्यात किमान २० पिल्लं. सोबत स्वच्छ पाण्यातला एक गट.
३. ४८ तास थांबतात.
४. भांडं हलकेच हलवून १५ सेकंदांत जी पोहत नाहीत, ती मोजतात.

ज्या तीव्रतेला निम्मी पिल्लं थांबतात ती ईसी-५०. इथे गोंधळ होतो, म्हणून सांगतो: हा आकडा जितका कमी, तितकं विष जहाल. आणि स्वच्छ पाण्यातलीच १० टक्क्यांहून जास्त पिल्लं थांबली, तर चाचणी बाद!

प्रत्यक्ष उपयोग

१ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली. आग विझवणाऱ्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाईन नदीत गेली आणि मासे मोठ्या संख्येने मेले. त्यानंतर ऱ्हाईनवर जिवंत डॅफ्नियांवर सतत नजर ठेवणारी यंत्रं आली. त्यांचं पोहणं बिघडलं की इशारा मिळतो. आपल्याकडे सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत माशांची चाचणी आहे: १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत.

मर्यादा

विष आहे एवढं ही चाचणी सांगते, कोणतं ते नाही. तणनाशकाचा फटका डॅफ्नियापेक्षा शेवाळाला जास्त बसू शकतो, म्हणून शेवाळ आणि माशांवरही चाचण्या घेतात. हळूहळू होणाऱ्या परिणामांसाठी डॅफ्नियाच्या प्रजननाची २१ दिवसांची वेगळी चाचणी आहे. आणि डॅफ्निया जगला म्हणजे पाणी पिण्यायोग्य, असं मुळीच नाही. कॉलऱ्याचे जंतू त्यातून कळणार नाहीत. त्यामुळे माझं मत विचाराल तर मीटर, रासायनिक तपासणी, जंतूंची तपासणी आणि जैवचाचणी एकमेकींच्या जोडीला हव्यात. एकीचा निकाल दुसरीच्या नावावर खपवू नका.