हजेरीबुकाच्या पलीकडे

'कारखाना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर. कामाचे घर! विणकर संध्याकाळी आपण विणलेल्या कापडाला हात लावून सांगतो, हे मी केले. मॅनेजरजवळ असे दाखवायला काय असते? हा प्रश्न मनात आला की मला नागपूरची एम्प्रेस मिल आठवते.

जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले, म्हणून हे नाव. नागपूर निवडले, कारण वऱ्हाडचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. मॅनेजर म्हणून मात्र आले बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, गिरणीचा अनुभव शून्य! यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी पाहत. बेझनजींनी पुढे आयुष्याची अनेक वर्षे याच गिरणीला दिली.

माल वेळेवर आणणे त्यांना ठाऊक होते. माणसांचे गणित वेगळे निघाले. पेरणी आली, सण आला, घरात कुणी आजारी पडले की कामगार गैरहजर. दंड करणे सोपे होते. पण या गिरणीने दुसरी वाट धरली. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. देशात भरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली! विचार जमशेटजींचा, पण तो खात्यापर्यंत आणि साच्यापर्यंत रोज पोचवायचा तो मॅनेजरनेच.

सारे गोड होते असे मी म्हणत नाही. त्या काळी गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबावे लागे. कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्याने आली, तीही १९११ साली.

तरीही मला वाटते, मॅनेजरच्या कामाचा अर्थ इथेच सापडतो. कोण आला नाही, हे हजेरीबुक सांगते. आज तर यंत्रच सांगते. का आला नाही, हे मात्र उठून, त्याच्याजवळ जाऊन विचारावे लागते. जो विचारतो, त्याला रात्री घरी गेल्यावर आपण दिवसभर काय केले, याचे उत्तर मिळत असावे.