मौन म्हणजे संमती नव्हे

आपल्या स्मरणिकेत सण-समारंभांचे व पाककृतींचे लेख असतातच. यंदा मी जरा कठीण विषय घेते आहे. एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याचे कानी आले, की आपणा बायकांतच पहिला प्रश्न निघतो, "मग ती ओरडली का नाही?" प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नापायी एका पोरक्या मुलीला न्याय नाकारला गेला, आणि त्यातूनच पुढे देशाचा कायदा बदलला. तो इतिहास प्रत्येक भगिनीला ठाऊक असावा.

ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली, देसाईगंजची. हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. मुलगी आदिवासी, आईबापांविना वाढलेली, मोलमजुरी करणारी. वय चौदा ते सोळा. २६ मार्च १९७२ च्या रात्री भावाच्या एका तक्रारीवरून तिला चौकीवर बोलावले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतले, आणि तिथे पोलिसानेच तिच्यावर अत्याचार केला. कुंपणानेच शेत खाल्ले! बाहेर येऊन तिने सांगितले. लोक जमले, आणि त्यांच्या रेट्यामुळेच तक्रार नोंदली गेली. तिचे पहिले रक्षण केले ते या गावकऱ्यांनी, हे विसरू नये.

१९७४ साली सत्र न्यायालयाने तिलाच खोटी ठरवून दोघा आरोपी पोलिसांना सोडले. १९७६ साली नागपूरच्या खंडपीठाने दोघांनाही शिक्षा दिली. भीतीने गप्प बसणे वेगळे आणि संमती देणे वेगळे, हे त्या न्यायालयाने ओळखले. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे पटत नाही, असे कारण दिले. रात्रीच्या वेळी, चौकीच्या बंद दाराआड, खाकी कपड्यांसमोर एक अजाण पोर कशी ओरडणार? आणि ओरडून बोलावणार कोणाला? पोलिसांनाच ना?

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून हाच सवाल केला. ८ मार्च १९८० रोजी ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, त्या मुलीच्या पदरी काही पडले नाही. पण १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने न्यायालयात "माझी संमती नव्हती" असे सांगितले, की संमती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, असे ठरले. खटला बंद खोलीत चालवण्याचा नियम झाला. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरला. म्हणूनच मीही या लेखात तिचे नाव घेतलेले नाही.

सुधारणा तिथेच थांबली नाही. तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारे कलम २००३ साली रद्द झाले. साक्ष देताना आरोपीचे तोंड दिसू नये म्हणून मध्ये पडदा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. मुलांसाठी २०१२ साली पोक्सो कायदा आला. महाराष्ट्राने २०१३ साली पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना सुरू केली. लहान मुले व घाबरलेल्या पीडितांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी साक्ष-केंद्रे उभारा, असा आदेश जानेवारी २०२२ मध्ये झाला. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या. कलमांचे आकडे बदलले, संरक्षण राहिले.

परंतु न्यायालयातला पडदा आपल्या गल्लीत उपयोगी पडत नाही. तिथे पडदा व्हायचे ते आपणच. मौन म्हणजे संमती, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. लग्नाच्या बोलणीतही मुलगी गप्प राहिली की होकार समजतात. ही समजूत आता सोडली पाहिजे. कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच, तर खोदून विचारू नये, नाव चारचौघांत घेऊ नये, आणि आईबरोबर चौकीपर्यंत दोघी-तिघींनी जावे. शिकलेली असो वा नसो, एवढे प्रत्येकीला जमण्यासारखे आहे. देसाईगंजच्या त्या रात्री लोक घरी निघून गेले असते, तर हा इतिहास घडलाच नसता.