पुस्तकांच्या ओझ्याचा इतिहास

मित्रहो, इतिहासाच्या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलावलं की तो विषय भलतीकडे नेणार, हे आयोजकांना ठाऊक असतंच. आज आम्ही ग्रंथांबद्दल बोलणार आहोत, पण त्यांतल्या विचारांबद्दल कमी आणि वजनाबद्दल जास्त. पुस्तकं विकत घेणं सोपं असतं. ती घरी आणणं अवघड, आणि त्या अवघडपणालाही एक इतिहास आहे.

हा विषय सुचला तो विमानतळावर, वजनकाट्यासमोर उभं असताना. दिल्लीला एका चर्चासत्राला गेलो होतो. रविवार मोकळा मिळाला. दर्यागंजचा जुन्या पुस्तकांचा बाजार पूर्वी फुटपाथवर भरायचा, 2019 साली तो तिथून हलवला आणि आता महिला हाटच्या आवारात भरतो. आम्ही ‘फक्त बघायला’ गेलो. संध्याकाळी मुक्कामी परतलो तेव्हा सोबत एक्केचाळीस पुस्तकं होती.

आता हिशेब बघा. डेमी आकाराच्या एका पानाचं, म्हणजे दोन पृष्ठांचं, वजन साधारण अडीच ग्रॅम. चारशे पृष्ठांचा ग्रंथ म्हटला की कागदच अर्धा किलो, वर पुठ्ठ्याची बांधणी. देशांतर्गत प्रवासात बहुतेक विमान कंपन्या पंधरा किलो सामान नेऊ देतात आणि हातात सात. म्हणजे कपडे, औषधं, मफलर सगळं दिल्लीतच सोडलं तरी पस्तीसच्या आसपास ग्रंथ. आणि आमच्याकडे दोन शब्दकोश होते! जादा वजनाचा किलोमागचा दर ऐकला तेव्हा लक्षात आलं, की पुस्तक आणण्याचा खर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होतोय. काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून बसलो. मागे रांग. कोणतं पुस्तक न्यायचं आणि कोणतं ठेवायचं, हे ठरवायला पाच मिनिटं. आयुष्यभर मूल्यमीमांसा शिकवली, पण अशी परीक्षा कधी द्यावी लागली नव्हती.

तिथे आम्हाला आठवले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तुलना नाही हो, तेवढं भान आहे. पण जुनी पुस्तकं परदेशातून घरी आणण्याची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात पहिलं नाव त्यांचंच घ्यावं लागतं.

1913 ते 1916 बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. त्या तुटपुंज्या पैशातून काटकसर करून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले, असं धनंजय कीरांनी त्यांच्या चरित्रात नोंदवलंय. दोन हजार! आमचाच अर्धा किलोचा हिशेब लावला तर एक टन होतो. हा टनभर ऐवज त्यांनी एका परिचिताच्या हवाली केला, हिंदुस्थानात पोचवण्यासाठी. त्यातला काही भागच पुढे त्यांच्या हाती आला. बाकीचा गेला.

स्वतः ते 1916 मध्ये लंडनला गेले. अर्थशास्त्राचा अभ्यास आणि बॅरिस्टरी, दोन्ही सुरू झालं. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. 1917 चा उन्हाळा, महायुद्ध ऐन भरात. त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीपासून जर्मनीने पाणबुड्यांचं अनिर्बंध युद्ध पुकारलं होतं, व्यापारी बोट दिसली की बुडवायची. बाबासाहेब मार्सेलिसला जाऊन ‘कैसर-ए-हिंद’ बोटीवर चढले आणि 21 ऑगस्ट 1917 ला मुंबईत उतरले. सामान वेगळ्या बोटीने निघालं होतं. त्यात पुस्तकं होती. ती बोट पाणतीराने बुडवली.

सामानाचा विमा थॉमस कुक कंपनीकडे उतरवलेला होता, त्यामुळे भरपाई मिळाली. त्या पैशातून घरखर्चाची आणि बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठीच्या प्रवासाची सोय झाली. बडोद्यात पुढे काय झालं, अस्पृश्य म्हणून राहायला जागा कशी मिळाली नाही, ते आपणा सर्वांना माहीत आहे. आम्ही फक्त एवढ्याकडेच लक्ष वेधतो, की त्या अपमानाच्या गावाला जाण्याचं भाडं बुडालेल्या पुस्तकांनी दिलं. इतिहासात असल्या गोष्टी तळटीपेत जातात. आमच्या मते त्या वर यायला हव्यात.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला न आवरणारी एक गोष्ट. कोलंबियात बाबासाहेबांचे एक गुरू जॉन ड्यूई. त्यांचा ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा ग्रंथ 1916 चा. बाबासाहेबांनी ती प्रत लंडनमध्ये 1917 च्या जानेवारीत घेतली. पाणबुड्या, बोटी, बडोदा, परळची चाळ, या सगळ्या धबडग्यातून ती प्रत टिकली, आणि आज मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या संग्रहात आहे, खुणा केलेली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं तेव्हा पुस्तकांसाठी जागा हा त्या घराच्या आखणीतलाच भाग होता. लोक घर बांधून मग कपाट घेतात. इथे उलटं झालं. ज्याचे ग्रंथ एकदा वाटेत गहाळ आणि एकदा समुद्रात गेले, तो माणूस ग्रंथांना पक्क्या भिंती देणार, हे आम्हाला तरी अगदी समजतं.

बरं, मुंबईपर्यंत बोट येते. आमच्या यवतमाळात काय येतं?

आमच्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली ती मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, सगळ्यांची लाडकी ‘शकुंतला’. 113 किलोमीटर, अरुंद रूळ, मालकी इंग्रजी कंपनीची. ती पुस्तकांसाठी घातलेली नव्हती, बरं का! वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला नेण्यासाठी घातली होती. जाताना गाठी, येताना लोक, मीठ, कापड, आणि कधीमधी एखादं खोकं ग्रंथांचं. पुण्यामुंबईचं पार्सल मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचं, छोट्या गाडीत चढायचं. कुणी घाईत असेल तर त्याने पुस्तक मागवूच नये, अशी ती व्यवस्था.

अशा आडवळणाच्या गावात डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रम उभा केला. पेशाने वकील, ओढ इतिहासाची. महानुभावांच्या पोथ्या त्यांनी मिळवल्या, वाचल्या, आणि 1925 मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ दिला. इथे ओझ्याचा प्रकारच निराळा. पोथी वजनाला हलकी, रुमालात बांधून काखेत मावेल. पण ती मठातून बाहेर काढणं म्हणजे डोंगर उचलणं. पंथाने आपलं वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवलेलं. पोथी हाती आली तरी ती घरी आली असं नाही, लिपी उलगडली म्हणजे आली. आमचे विद्यार्थी विचारायचे, सर, वाहतुकीचा आणि ज्ञानाचा संबंध काय? त्यांना आम्ही हे उदाहरण द्यायचो. समजायचं की नाही, कोण जाणे.

विमानाचंही ऐका. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचं केंद्र आपलं नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून विमानं निघायची, मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि पहाटे आपापल्या गावी परत. भारताच्या चारी कोपऱ्यांतली पत्रं रोज रात्री आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर उतरत होती. पत्रं. पुस्तकांचे गठ्ठे मात्र रेल्वेनेच यायचे. आकाशातून जाण्याची ऐपत ग्रंथांना तेव्हाही नव्हती.

आणि यवतमाळला विमानतळ आहे, भारीला. 2009 मध्ये तो एका मोठ्या उद्योगसमूहाला भाडेपट्ट्याने दिला गेला. धावपट्टी आहे, नियमित विमान नाही. शकुंतलाही थांबली. वर्ध्याहून नवी मोठी रेल्वे कळंबपर्यंत 2024 साली आली. उरलेल्या रुळांची वाट आम्ही बघतोय, वय सत्तरीपुढे असताना.

तर आमची पुस्तकं. पंचवीस विमानात बसली, दोन कोटाच्या खिशांत. चौदा मागे राहिली. ती दिल्लीच्या स्नेह्यांनी तीन गठ्ठ्यांत बांधून एका खाजगी पार्सल सेवेने पाठवली. दोन गठ्ठे आले, एक आला नाही. तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक मिळाला.

त्या गठ्ठ्यात कांटच्या पहिल्या ‘क्रिटिक’चं केम्प स्मिथने केलेलं भाषांतर होतं. ते आमच्याकडे आधीच आहे, नोकरीतल्या पहिल्या पगारातून घेतलेलं. मग पुन्हा का घेतलं? कारण या प्रतीच्या समासात शिसपेन्सिलीने मराठीत टिपा होत्या. नाव नव्हतं. कुणीतरी मराठी माणूस दिल्लीत, बहुधा सरकारी नोकरी सांभाळत, रात्री कांट वाचत होता. देश-काळाच्या प्रकरणात एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं, ‘इथे अडलो’, आणि खाली वेगळ्या शाईत, ‘आता समजले’. दोन्हींच्या मध्ये किती वर्षं गेली असतील? आम्ही ते पान बाजारात उभ्या उभ्या वाचलं आणि भाव न करता पैसे दिले. पुढच्या टिपा घरी निवांत वाचू म्हटलं.

विमानतळावर निवडताना आम्हीच ती प्रत मागे ठेवली. ‘हे तर घरी आहेच’ असा विचार केला. पाच मिनिटांत चूक झाली, ती दुसऱ्या कुणाची नाही.

भरपाईच्या अर्जात एक रकाना होता, ‘वस्तूची किंमत’. थॉमस कुकच्या कागदावर बाबासाहेबांनी काय आकडा घातला असेल, हे आम्ही त्या दिवशी बराच वेळ मनात घोळवलं. मग खरेदीची किंमत लिहिली, एकशे पन्नास रुपये, आणि सही केली.

मंडळी, वेळ होत आलाय. कुणाला प्रश्न असतील तर विचारा. आणि दिल्लीच्या बाजारात पेन्सिलीने टिपा केलेला कांट कुणाला दिसला, तर घेऊन ठेवा, पैसे आम्ही देऊ.